सुभाषला पत्र: आधी हिशेब, मग फॉर्म

विश्रामबाग, सांगली
12 जून

प्रिय सुभाष,
सप्रेम नमस्कार.

चि. प्राजक्ताला बारावी सायन्सला 86 टक्के पडले हे कळल्यावर घरात सगळ्यांना आनंद झाला. तिला आमचे आशीर्वाद सांग. फोनवर तू विचारलंस, "गुण चांगले आहेत, उत्पन्न बेताचं आहे, मग स्कॉलरशिप मिळेलच ना?" मिळेल, पण गुणांच्या जोरावर आपोआप मिळत नाही. कुठली घ्यायची ते आधी ठरवावं लागतं, कारण सरकारी योजना बहुतेक वेळा एकमेकींना चालत नाहीत. फोनवर सांगितलेलं तुझ्या ध्यानात राहणार नाही, म्हणून लिहून काढतोय.

तुझ्या मनात जी आहे ती केंद्राची कॉलेज विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती. हल्ली ती पीएम-यूएसपी या नावाखाली येते. तिची अट 80 पर्सेंटाईलची आहे, 80 टक्क्यांची नाही. आपापल्या बोर्डात, आपल्या शाखेत जी मुलं वरच्या वीस टक्क्यांत येतात ती पात्र. ही रेषा किती गुणांवर पडते ते दरवर्षी आणि शाखेनुसार बदलतं. प्राजक्ता रेषेच्या वर असणार असं मी धरून चालतो, पण रेषा ओलांडली म्हणजे यादीत नाव आलं असं नाही. देशभरात दरवर्षी 82,000 नव्या शिष्यवृत्त्या असतात. त्या राज्यांतल्या 18 ते 25 वयाच्या लोकसंख्येवर वाटल्या जातात. मग राज्यातल्या बोर्डांत, आणि पुढे सायन्स, कॉमर्स, आर्ट्समध्ये 3:2:1 या प्रमाणात. निम्म्या मुलींसाठी, ही आपल्या पथ्यावर पडणारी गोष्ट. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत हवं, कोर्स नियमित हवा; डिप्लोमा किंवा बहिःस्थ चालत नाही.

रक्कम पदवीच्या पहिल्या तीन वर्षांना वर्षाला 12,000 आणि पदव्युत्तरला 20,000. इंजिनीअरिंगसारख्या कोर्सला चौथ्या वर्षी 20,000. म्हणजे बीएस्सीच्या तीन वर्षांत एकूण 36,000. ही घेतली की दुसरी कुठलीही शिष्यवृत्ती किंवा राज्याची फी-माफी घेता येत नाही. इथंच बरेच पालक फसतात. नाव मोठं दिसतं म्हणून 12,000 च्या मागे लागतात आणि चाळीस-पन्नास हजारांची फी-माफी हातची घालवतात.

म्हणून पहिला प्रश्न, ती जाणार कुठं? विलिंग्डनसारख्या अनुदानित कॉलेजात बीएस्सीला गेली तर फी मुळात कमी, तेव्हा केंद्राचीच घे, बरी पडेल. इंजिनीअरिंगला गेली तर हिशेब पार बदलतो. 2024-25 पासून राज्यात ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे. मुलांना ती निम्मीच. प्रवेश मात्र सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राऊंडमधूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलास तर हा दरवाजा बंद, मग गुण कितीही असोत. आणि माफी शिक्षण फी, परीक्षा फी एवढ्यापुरतीच. डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस खिशातूनच जाणार. कॉलेजची फी पाहताना एकूण आकडा बघू नकोस, त्यातली शिक्षण फी किती ते वेगळं विचार.

तिसरा पर्याय एआयसीटीईची, म्हणजे तांत्रिक शिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, प्रगती शिष्यवृत्ती. तांत्रिक कोर्सच्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलींना वर्षाला 50,000, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत, उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. हिच्यासोबतही दुसरी सरकारी शिष्यवृत्ती चालत नाही. त्यामुळे जिथं शिक्षण फी 50,000 पेक्षा बरीच कमी आहे तिथं प्रगती फायद्याची, कारण उरलेले पैसे मेसला आणि पुस्तकांना होतात. विनाअनुदानित कॉलेजात शिक्षण फीच 90,000 असेल तर राज्याची माफी घे. प्रगतीची निवडही गुणांच्या यादीवर होते, नक्की मिळेल असं धरू नकोस. माझं मत विचारशील तर खात्रीची माफी सोडून यादीच्या भरवशावर बसणं शहाणपणाचं नाही. फरक दहा-पंधरा हजारांचा असेल तर नकोच.

आता उत्पन्नाचा दाखला. तुम्हा बागायतदारांचं घोडं इथंच अडतं. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही म्हणून ते दाखल्यात धरत नाहीत, असा तासगावात बऱ्याच जणांचा समज आहे. तो चुकीचा आहे. तहसीलदारांच्या दाखल्यात शेती, नोकरी, धंदा, भाडं, घरातल्या सगळ्यांचं सगळं येतं. आरक्षणासाठी लागणाऱ्या नॉन-क्रीमीलेअर दाखल्याला पगार आणि शेतीचं उत्पन्न मोजत नाहीत, त्यातून हा गोंधळ होतो. ते दोन दाखले वेगळे, त्यांचा हिशेबही वेगळा. तुझ्या द्राक्षबागेची नोंद सातबाऱ्यावर आणि ई-पीक पाहणीत आहे, तलाठी अहवाल त्यावरूनच देणार. त्यामुळे कुणी एजंट "लाखाच्या आतला काढून देतो" म्हणाला तर ऐकू नकोस. आठ लाखांच्या मर्यादेत तू सरळ बसतोस, तिथं आकडा कमी दाखवून मिळवायचं काय? पडताळणीत खोटं निघालं तर मात्र पोरीची शिष्यवृत्ती जाईल.

दाखल्यासाठी तलाठ्याचा अहवाल, सातबारा, आठ-अ, रेशनकार्ड, तुझं आधार आणि स्वयंघोषणापत्र घेऊन आपले सरकार केंद्रात जा. वहिनी अंगणवाडीत आहेत, त्यांच्या मानधनाचा कागदही लागेल. तो लपवला की पुढं अर्ज परत येतो. दाखला 31 मार्चपर्यंतच चालतो, म्हणून गेल्या वर्षीचा लावू नकोस. जुलैत केंद्रावर रांगा लागतात, तेव्हा आत्ताच अर्ज टाक. सोबत डोमिसाईल आणि तिच्या प्रवर्गाचे कागदही काढायला घाल. ईडब्ल्यूएस असेल तर ते प्रमाणपत्र त्या त्या वर्षाचं हवं.

तुझी जमीन दोन हेक्टरच्या आत आहे, म्हणून अल्पभूधारकाचा दाखलाही काढून ठेव. अशा शेतकऱ्यांच्या घराबाहेर राहून शिकणाऱ्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. राज्याच्या फी-माफीबरोबर तो घेता येतो. हा बरेच जण विसरतात.

फॉर्म भरायला दोन वेगळ्या जागा. राज्याच्या योजना महाडीबीटीवर, केंद्राच्या नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. केंद्राच्या पोर्टलवर आधी एकदाच करायची नोंदणी असते, ओटीआर म्हणतात तिला. चौदा अंकी क्रमांक मिळतो आणि शिक्षण संपेपर्यंत तोच वापरायचा. ती मोबाईलवर चेहरा दाखवून करावी लागते, म्हणजे प्राजक्ता स्वतः समोर हवी. नेटकॅफेवाल्याला स्वतःचा मोबाईल नंबर टाकू देऊ नकोस. सहा महिन्यांनी ओटीपी त्याच्या फोनवर जातो आणि त्यानं तोवर सिम बदललेलं असतं. आधारला जोडलेला नंबरच टाका.

मार्कशीटवर नाव आडनावापासून असतं, त्याची अडचण नाही. अडतं ते इंग्रजी स्पेलिंगवर. आधारवर एक अक्षर कमी-जास्त असेल तर अर्ज भरण्याआधी आधार दुरुस्त करून घे. टीसी कॉलेजात जमा करण्याआधी तिचं रंगीत स्कॅन काढ. महाडीबीटीवर फाईल 256 केबीच्या आत लागते, धूसर फोटो टाकलास तर अर्ज परत येतो.

पैसे कुठल्या खात्यावर येणार हे तू फॉर्ममध्ये लिहिलेल्या क्रमांकावर ठरत नाही. ज्या खात्याचं आधार सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे येण्यासाठी आधारशी जोडणी, शेवटी झालं त्यावर येतात. शाळेत असताना तिचं झिरो बॅलन्सचं खातं काढलं होतं ना? बहुतेक तेच अजून सीड असेल. दोन वर्षं व्यवहार नसेल तर ते बंद पडल्यात जमा, आणि मंजूर झालेले पैसे परत जातात. आधारच्या वेबसाईटवर बँक सीडिंग स्टेटस बघ, हवं ते खातं नसेल तर बँकेत जाऊन सीडिंगचा फॉर्म दे. केवायसीला आधार दिलंय म्हणजे सीडिंग झालं असं नाही, हे बँकेतल्या काउंटरवरही कधी कधी पुन्हा सांगावं लागतं.

सबमिट केलं म्हणजे काम झालं असंही समजू नकोस. आधी कॉलेजचा नोडल क्लार्क, म्हणजे शिष्यवृत्तीचं काम बघणारा, तपासतो, मग वरचं कार्यालय. कॉलेजनं मुदतीत पुढं पाठवलं नाही तर अर्ज तिथंच मरतो. फॉर्मची प्रिंट आणि कागद घेऊन प्राजक्तानं आठवड्याभरात क्लार्कला भेटावं, नंतर दर पंधरा दिवसांनी स्टेटस बघावं. त्रुटी काढून अर्ज परत आला तर मेसेज येईलच असं नाही. केंद्राची शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी चालू ठेवायला 50 टक्के गुण आणि 75 टक्के हजेरी लागते, आणि नूतनीकरणाचा अर्ज दरवर्षी वेगळा.

खासगी म्हणशील तर दोन बघण्यासारख्या. रिलायन्स फाउंडेशनची पहिल्या वर्षाच्या मुलांना, बारावीला 60 टक्के, उत्पन्न 15 लाखांच्या आत पण अडीच लाखांच्या आतल्यांना प्राधान्य, पूर्ण पदवीला मिळून दोन लाखांपर्यंत. तिची ऑनलाईन परीक्षा असते, गणित-तर्काचा सराव करायला सांग. दुसरी कोटक कन्या, व्यावसायिक कोर्सच्या मुलींसाठी, बारावीला 75 टक्के, उत्पन्न सहा लाखांच्या आत, वर्षाला दीड लाख. कॉलेजला चांगलं मानांकन असावं लागतं. अर्ज फुकट असतो, प्रोसेसिंग फी मागणारा भामटा समज.

बेदाण्याच्या सौद्याला सांगलीत येशील तेव्हा तलाठ्याचा अहवाल, सातबारा आणि तिच्या आधारची झेरॉक्स घेऊन ये. प्राजक्तालाही आण, ओटीआर इथंच बसून करून टाकू. कॅपचे पर्याय भरण्याआधी प्रत्येक कॉलेजची शिक्षण फी एका कागदावर लिहून आणायला सांग तिला.

वहिनींना नमस्कार, आईंना साष्टांग.

तुझा,
विलास