ती वेणी तुम्ही पुन्हा घातलीत

आदरणीय डॉक्टरबाई यांना,

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

तुम्ही माझ्या मुलीच्या आजाराचे निदान केलेत त्याला आता दोन वर्षे होऊन गेली. एवढ्या काळात हे पत्र मी किती वेळा लिहायला घेतले आणि दोन ओळींनंतर बाजूला ठेवले, याची मोजदाद नाही. त्या दिवसाची आठवण काढली की अजूनही गळा दाटून येतो आणि हात थांबतो. चारचौघांसमोर तुमचे आभार मानायचे आहेत म्हणून हे उघड पत्र लिहीत आहे. मात्र त्यात तुमचे नाव लिहीत नाही आणि मुलीचेही नाही. आपल्या आजाराविषयी कोणाला किती सांगायचे हे तिने स्वतः ठरवावे, ही गोष्ट आम्हाला तुम्हीच शिकवलीत.

आम्ही गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावात राहतो. चतुर्थीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची लाकडी चौकट, बांधताना सुपारीचे घड आणि तोरिंगाची फळे वर उचलून देण्याचे काम आमच्या घरी मुलांकडे असते. त्या वर्षी तिच्यापेक्षा अडीच वर्षांनी लहान असलेल्या तिच्या भावाचा हात माटोळीच्या पट्टीला लागला आणि तिचा लागला नाही. ती काही बोलली नाही. हातातला घड तिने भावाकडे दिला आणि स्वयंपाकघरात आजीजवळ जाऊन बसली. तेव्हा ती नऊ वर्षांची होती.

आम्ही त्याआधी काहीच केले नव्हते असे नाही. सहाव्या वर्षापासून आम्ही तिला घेऊन फिरत होतो. एका दवाखान्यात तिच्यादेखत हसत हसत सांगण्यात आले की, आईच एवढीशी, मग मुलगी उंच कुठून होणार. दुसरीकडे भूक वाढवणारे औषध मिळाले आणि रोज आडव्या दांड्याला लोंबकळण्याचा सल्ला मिळाला. तिसऱ्या ठिकाणी चपला पायात असताना, डोक्यावरच्या क्लिपेसकट तिची उंची घेतली गेली, तीही फोनवर बोलता बोलता. जन्मली तेव्हा तिची पावले सुजलेली होती आणि तिचा कान वरचेवर फुटतो, हे मी सांगू लागले की त्याचा उंचीशी काय संबंध, असे म्हणून मला गप्प केले जाई. नातेवाइकांची तर गोष्टच वेगळी. गरोदरपणी मी ग्रहण पाळले नाही, हे कारण दोन घरांतून माझ्या कानावर आले, आणि खोटे कशाला बोलू, काही रात्री मीही त्यावर विश्वास ठेवला. या सगळ्यांविषयी माझ्या मनात आज राग आहे, आणि तो मी लपवणार नाही. निदान करता न येणे मी समजू शकते. पण मूल समोर बसलेले असताना ते तिथे नाहीच असे बोलणे मला समजत नाही.

आणि मग आम्ही पणजीला तुमच्याकडे आलो. तुम्ही तिला भिंतीवरच्या उंची मोजण्याच्या पट्टीजवळ नेलेत. त्या दिवशी आजीने तिची वेणी उंच बांधून वर अबोलीची फाती माळली होती, कारण शहरात जायचे होते. तुम्ही वाकून तिच्या डोळ्यांच्या पातळीवर आलात आणि विचारलेत, "बाय, ही फाती कोणी गुंफली?" ती म्हणाली, "आजीने." तुम्ही म्हणालात, "मग ती मोडता कामा नये. उंची नीट मोजायची तर वेणी सोडावी लागेल. मी सोडू का?"

तोवर तिच्या अंगाला हात लावण्यापूर्वी तिला कोणीही विचारले नव्हते. तिने मान हलवल्यावर तुम्ही एकेक पिन काढून टेबलावर ओळीने ठेवलीत, फाती ओल्या रुमालावर ठेवलीत आणि वेणी सोडलीत. टाचा भिंतीला टेकवून आणि नजर सरळ ठेवून तुम्ही तिला तीन वेळा मोजलेत: ११४.६, ११४.४, ११४.५. प्रत्येक आकडा तिला मोठ्याने वाचून दाखवलात. हे सारे झाल्यावर, बाहेर तुमची वाट पाहणारी इतकी मुले असताना, तुम्ही तिला स्टुलावर बसवलेत, तिच्या मागे उभ्या राहिलात आणि नुसत्या बोटांनी तिची वेणी पुन्हा घातलीत. डावीकडचा पेड थोडा जास्त आवळला गेला होता. फाती जिथे होती तिथेच माळलीत. त्या रात्री तिने मला वेणी सोडू दिली नाही. ती तशीच झोपली आणि दुसऱ्या दिवशी तीच वेणी घेऊन शाळेत गेली.

पुढे तुम्ही जे केलेत ते तुमच्या विद्येचे काम होते, आणि त्याचे मोल मी जाणते. तिच्या वडिलांची उंची १७० सेंटिमीटर आणि माझी १५२. कागदावर दोन्हींची बेरीज करून, त्यातून १३ वजा करून, उरलेल्याचे निम्मे करून तुम्ही दाखवलेत की, माझे ठेंगणेपण पुरते हिशेबात धरले तरी मुलीची वाढ साधारण १५४ सेंटिमीटरच्या आसपास जाणाऱ्या रेषेवर असायला हवी होती. ती त्याच्या पुष्कळ खाली होती. "आईसारखी आहे" हे वाक्य त्या कागदावर कायमचे संपले. मग तुम्ही मागच्या वर्षांचे आकडे मागितलेत. आम्ही शाळेची नोंदवही आणली, तेव्हा दिसले की ज्या वयात मुले वर्षाला साधारण पाच ते सहा सेंटिमीटर वाढतात, त्या वयात ती चारसुद्धा वाढत नव्हती. आणि त्यानंतर, मी एक शब्दही न बोलता, तुम्हीच विचारलेत, "जन्मतः हिची पावले सुजलेली होती का? कान फुटतो का?" त्या क्षणी मला रडू आले, त्याचा अर्थ तुम्ही कदाचित वेगळा घेतला असेल. मला फक्त एवढेच वाटले होते की, इतक्या वर्षांनी कोणीतरी मला वेडी ठरवले नाही.

रक्ताच्या तपासणीतून टर्नर सिंड्रोम निघाला. तुम्ही आम्हा दोघांना बसवून सांगितलेत की मुलींमध्ये दोन एक्स गुणसूत्रे असतात, त्यांपैकी एक हिच्यात नाही. जन्मणाऱ्या साधारण दोन ते अडीच हजार मुलींमागे एकीला असे होते. आणि त्यात आईच्या खाण्यापिण्याचा, वागण्याचा किंवा ग्रहणाचा काडीचाही दोष नसतो. ग्रहणाचा उल्लेख मी केला नव्हता. तो तुम्ही आपणहून केलात, कारण असे बोल किती आयांना ऐकावे लागतात हे तुम्हाला ठाऊक होते. हृदय, मूत्रपिंडे, थायरॉईड आणि कान यांवर यापुढे नेहमी लक्ष ठेवावे लागेल, पाळी येण्यासाठी पुढे हार्मोनची औषधे लागतील आणि आपोआप मूल होण्याची शक्यता फार थोडी आहे, हेही तुम्ही आडपडदा न ठेवता सांगितलेत. तिच्या बुद्धीला काहीही झालेले नाही, हे मात्र तुम्ही दोनदा सांगितलेत, आणि दुसऱ्यांदा तिला आत बोलावून तिच्यासमोर.

तेव्हापासून रोज रात्री वाढीच्या हार्मोनचे इंजेक्शन असते. आता ती स्वतः पेन हातात धरते, मी फक्त मात्रा तपासते. पावसाळ्यात आमच्याकडे वीज तासन्‌तास जाते आणि औषध दोन ते आठ अंशांतच ठेवावे लागते, म्हणून शेजारच्या काकूंनी त्यांच्या इन्व्हर्टरवरच्या फ्रीजमधला एक कप्पा आमच्यासाठी रिकामा ठेवला आहे. औषध कशाचे आहे हे त्यांनी कधी विचारले नाही. औषधाच्या दुकानातला मुलगा न सांगता बर्फाची पिशवी सोबत बांधून देतो. चांगुलपणा बहुधा असाच, गाजावाजा न करता जगात वावरत असतो. तुमच्याकडे जाऊन आल्यापासून तो मला जास्त दिसू लागला आहे.

मी स्वतः प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. दरवर्षी वर्गातल्या मुलांची उंची मीही नोंदवहीत लिहीत आले, आणि मागच्या वर्षीचा आकडा शेजारी ठेवून पाहण्याचे मला कधी सुचले नव्हते. आता मी चपला काढायला लावते, मुलींना विचारून वेण्या सोडते, मागचे आकडे पाहते आणि वेण्या पुन्हा घालून देते. गेल्या वर्षी एका मुलाचा आकडा दोन वर्षांत जेमतेम हललेला दिसला. मी त्याच्या आईवडिलांना बोलावून घेतले आणि तुमच्याकडे पाठवले.

पहिल्या वर्षात आमची मुलगी आठ सेंटिमीटर वाढली. या चतुर्थीला माटोळीच्या पट्टीला तिचा हात लागला का, असे तुम्ही विचाराल. नाही लागला, अजून चार बोटे कमी आहे. ती स्टुलावर चढली आणि तोरिंग तिनेच बांधले.

तपासणीच्या दिवशी ती आता मला वेणी घट्ट घालू देत नाही. डॉक्टरांना सोडायला सोपी जावी, असे म्हणते. आणि फाती मात्र आजीकडून आदल्या रात्रीच गुंफून घेते.

आपली ऋणी,
तुमच्या एका पेशंटची आई
सत्तरी, गोवा