हॉपकिन्सला फोरमनच्या वर ठेवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एकापेक्षा जास्त काळांत वर्चस्व राखणारे मुष्टियोद्धे कोण, या वादात बहुतेक जण पहिल्या आणि शेवटच्या विजेतेपदातली वर्षं मोजतात आणि जॉर्ज फोरमनला पहिल्या क्रमांकावर बसवतात. जानेवारी १९७३ मध्ये जो फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडून पहिलं विजेतेपद, नोव्हेंबर १९९४ मध्ये वयाच्या ४५व्या वर्षी मायकेल मूररला हरवून दुसरं. पराक्रम अचाट आहे, पण याला दोन काळांतलं वर्चस्व म्हणणं मला पटत नाही.

मूररविरुद्धच्या लढतीत दहाव्या फेरीपर्यंत तिन्ही पंचांच्या गुणतक्त्यांवर फोरमन मागे होता. दोघांकडे तर ८३–८८ असा. मग डावखुऱ्या मूररच्या दोन हातांमधून एक आखूड, सरळ उजवा ठोसा हनुवटीवर बसला आणि लढत संपली. पुढची लढत एप्रिल १९९५ ची, अ‍ॅक्सेल शुल्झशी. त्यात फोरमनला मिळालेला गुणांवरचा विजय इतका वादग्रस्त ठरला की किताब देणाऱ्या आयबीएफ या संघटनेने फेरलढतीचा आदेश दिला आणि फोरमनने ती न लढता किताब सोडला. वय वाढताना आधी पाय जातात, मग नजर आणि हाताचा मेळ. ठोशातली ताकद सर्वांत शेवटी जाते. हेवीवेटमध्ये, म्हणजे सर्वांत वजनदार गटात, ती एका क्षणात गेलेली लढत परत आणते. वर्चस्वाला मात्र फेरीमागून फेरी जिंकाव्या लागतात.

माझी कसोटी अशी: तुम्ही जगज्जेते झालात तेव्हा जी मुलं शाळेत होती, त्यांच्यातल्या अव्वल लढवय्यांना तुम्ही हरवलंत का, आणि किती वेळा?

बर्नार्ड हॉपकिन्स एप्रिल १९९५ मध्ये मिडलवेट या मधल्या वजनगटात विजेता झाला. तेव्हा केली पावलिक, जाँ पास्काल आणि टॅव्होरिस क्लाउड बारा-तेरा वर्षांचे होते. आधी आपल्या पिढीत त्याने किताब सलग २० वेळा राखला. त्यातच फेलिक्स ट्रिनिडाड आणि ऑस्कर दे ला होया या नामवंतांना हरवलं. मग २००८ मध्ये अपराजित पावलिक, २०११ मध्ये पास्काल, २०१३ मध्ये अपराजित क्लाउड, असे तिघंही गुणांवर हरले. क्लाउडच्या वेळी हॉपकिन्स ४८ वर्षांचा होता. तो हरलाही: २००५ मध्ये जर्मेन टेलरकडून दोनदा, पुढे जो कॅलझागे आणि सर्गेई कोव्हालेव्हकडून. ते धरूनही त्याचं पारडं जड राहतं.

हे जमलं कारण त्याने लढण्याची रीत बदलली. ठोसे कमी केले, लढतीची गतीच खाली आणली. अवचित उजवा ठोसा मारून आत शिरायचं, डोकं प्रतिस्पर्ध्याच्या खांद्याखाली रोवायचं, एका हाताने त्याचा दंड दाबून धरायचा. उलट ठोसा येत नाही, पंच दोघांना सोडवतात आणि तेवढ्यात दोन श्वास मिळतात. पावलिकसारख्याला ठोशांची सर लावायला पाय रोवून समोर उभं राहावं लागतं. हॉपकिन्स प्रत्येक वेळी अर्धं पाऊल बाजूला सरकायचा, म्हणजे पावलिकला आधी वळणं भाग आणि मग मारणं. प्रेक्षकांना हे कंटाळवाणं वाटतं, हे मान्य. पण पास्कालविरुद्धच्या पहिल्या लढतीत तो दोनदा खाली पडला, तरी सावरून बरोबरी साधली, आणि फेरलढतीत सातव्या फेरीआधी रिंगमध्ये जोर मारून दाखवले. दमलेला माणूस असं करत नाही.

त्याच्याइतकाच मान आर्ची मूरचा. व्यावसायिक लढती १९३० च्या दशकापासून, पण लाइट हेवीवेटच्या (हेवीवेटहून हलक्या गटाच्या) किताबाची संधी मिळाली डिसेंबर १९५२ मध्ये. जन्मवर्ष १९१३ की १९१६ यावर मतभेद असल्याने तेव्हा तो ३६ चा होता किंवा ३९ चा. तिथून नऊ वर्षांहून जास्त काळ तो विजेता राहिला. १९५४ मध्ये बाद केलेला हॅरोल्ड जॉन्सन १९२८ चा, १९५८ मधला इव्हॉन ड्युरेल १९२९ चा; मूरला किताबाची संधी उशिरा मिळाली, पण तो व्यावसायिक झाला तेव्हा हे दोघंही लहान मुलं होते. ड्युरेलने पहिल्याच फेरीत त्याला तीनदा पाडलं, पाचवीत पुन्हा पाडलं. अकराव्या फेरीत मूरने त्यालाच बाद केलं. त्याचा बचाव आडव्या हातांचा: एक हात पोटावर, दुसरा चेहऱ्यासमोर, ठोसे कोपरांवरून निसटतात आणि पायांना पळावं लागत नाही. उणीव एवढीच की तिथून जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, चटकन निघत नाही. फोरमनने पुनरागमनात हाच बचाव मूरकडून उचलला.

किताबांची संख्या मोजूनही उत्तर मिळणार नाही. मूरच्या उमेदीच्या काळात मुख्य वजनगट आठ होते. आता १७ आहेत आणि किताब देणाऱ्या मोठ्या संघटना चार. शिवाय जगज्जेतेपदाची लढत १५ फेऱ्यांची १२ झाली.

तिसऱ्या जागेसाठी शुगर रे रॉबिन्सनचं नाव पुढे येतं. पण दहा वर्षांनी लहान जीन फुलमरशी झालेल्या चार लढतींत त्याला एकच विजय मिळाला, १९५७ चा. मी ती जागा मॅनी पॅकियाओला देईन. १९९८ मध्ये तो ११२ पौंडांच्या गटात विजेता झाला, तेव्हा कीथ थर्मन दहा वर्षांचा होता. २०१९ मध्ये १४७ पौंडांच्या गटात चाळिशीतल्या पॅकियाओने अपराजित थर्मनला पहिल्या फेरीत खाली पाडलं आणि गुणांवर हरवलं. हलक्या गटांत वेग ओसरला की सहसा कारकीर्दच संपते. तो ३५ पौंड वर चढूनही जिंकत राहिला.

आपला,
एक वाचक