परदेशातली ॲडमिशन घेताय, पण इंटर्नशिपचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत परदेशात बिझनेसचं शिक्षण घेण्यावर पानभर मजकूर आला होता, आईने त्याचा फोटो काढून मला व्हॉट्सॲपवर पाठवला आणि खाली लिहिलं, बघ गं, खरं आहे का हे सगळं. मी मूळची कोल्हापूरची, 2018 पासून जर्मनीत आहे, इथेच इंटरनॅशनल बिझनेसमध्ये मास्टर्स केलं आणि आता स्टुटगार्टजवळच्या एका मशीन बनवणाऱ्या कंपनीत परचेसला आहे. एखादा जुना आकडा सोडला तर लेखात खोटं असं काही नव्हतं, पण रँकिंग, फी, व्हिसा, स्कॉलरशिप सगळं येऊन ज्या गोष्टीवर पुढची नोकरी ठरते ती इंटर्नशिप फक्त एका ओळीत होती, "इंटर्नशिपच्या भरपूर संधी". त्या एका ओळीवर विश्वास ठेवून घर गहाण टाकलेली माणसं मी बघितलीयत म्हणून हे पत्र लिहितेय, थोडं लांब होईल.

आधी माझं सांगते. वडील शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत सुपरवायझर होते. मी बी.कॉम. झाल्यावर तिथल्याच दुसऱ्या एका फाउंड्रीत दीड वर्ष एक्सपोर्टची कागदपत्रं केली, म्हणजे इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, बिल ऑफ लेडिंग, आणि न्हावा शेवा बंदरात कस्टमची कामं करणाऱ्या एजंटला (सीएचए) दिवसातून दहा फोन. जर्मन शिकले कोल्हापुरातच एका बाईंकडे, परीक्षा पुण्याला मॅक्सम्युलर भवनला जाऊन दिली, ए टू पर्यंत, म्हणजे भाषेच्या सहा पायऱ्यांतली दुसरी. त्यावर मला वाटलं झालं, भाषेचं काम संपलं, कारण कोर्स तर इंग्लिशमध्येच आहे.

इथे पोचल्यावर पहिल्या सेमिस्टरपासूनच इंटर्नशिपसाठी अर्ज टाकायला लागले. आमच्या कोर्सला तिसरं अख्खं सेमिस्टर कंपनीत काढायचं बंधन होतं, ते केल्याशिवाय डिग्रीच नाही. इंग्लिशमधून चाळीसेक अर्ज केले, दोन ठिकाणाहून नकार आला, बाकीच्यांनी उत्तरसुद्धा दिलं नाही. युनिव्हर्सिटीच्या करिअर सेंटरमधल्या एका बाईंनी माझा सीव्ही समोर ठेवला आणि पेन्सिलीने सगळ्यात खालच्या ओळीवर गोल केला. ती ओळ होती फाउंड्रीतल्या दीड वर्षाची. कोल्हापुरातल्या कन्सल्टंटने सांगितलं होतं की छोट्या कंपनीचं नाव खाली टाक, वर तुझं लीडरशिप वगैरे येऊ दे. त्या बाई म्हणाल्या, इथे आसपास शंभर कंपन्या भारतातून कास्टिंग (ओतीव भाग) घेतात, तू ते पाठवायचं काम केलंयस आणि ते लपवतेस? त्या रात्री मी सीव्ही उलटा केला, म्हणजे खालचं वर आणलं, कव्हर लेटर जर्मनमध्ये लिहिलं, चुका एका मैत्रिणीने काढून दिल्या, आणि संध्याकाळचा बी वन चा, म्हणजे ए टू च्या पुढच्या पायरीचा, क्लास लावला. पुढच्या वीस-बावीस अर्जांतून पाच इंटरव्ह्यू आले.

त्यातल्या एका कंपनीत जुलै 2019 च्या शेवटी इंटर्न म्हणून जॉइन झाले. दुसऱ्याच आठवड्यात कोल्हापूरला महापूर. तुम्हाला आठवत असेल, शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि पाच-सहा दिवस पुणे-बंगळूर रस्ता बंद, ट्रकांच्या रांगाच रांगा. इकडे ऑफिसात एवढंच माहिती की कोल्हापूरच्या सप्लायरचा माल निघालेला नाही आणि मेलला उत्तर येत नाही. आमचे परचेसचे हेड चिडले होते, म्हणत होते की हे लोक कळवत का नाहीत. मी त्यांना फोनवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी दाखवली. कोल्हापूरच्या पोराला पावसाळ्यात ती पातळी वेळोवेळी बघायची सवयच असते, 39 फुटाला इशारा, 43 ला धोका, आणि त्यावेळी पाणी 55 च्या वर गेलेलं. मी सांगितलं की कारखाना बुडालेला नाही, पण कामगार गावातून निघू शकत नाहीत, लाइट नाही, आणि पाणी उतरलं तरी हायवेवरची कोंडी सुटायला अजून दिवस जातील, म्हणजे हा कंटेनर ठरलेल्या जहाजावर चढणार नाही. मग सप्लायरच्या डिस्पॅचच्या माणसाला मी मराठीत फोन लावला, तो बिचारा नातेवाइकांकडे कागलला अडकलेला, त्याने कुठला माल पॅक आहे आणि कुठला भट्टीवरच राहिलाय ते तोंडपाठ सांगितलं. ते मी कागदावर लिहून हेडच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी तासाभरात मशीनिंगचा क्रम बदलला, एका पार्टसाठी दुसऱ्या सप्लायरकडून थोडा माल मागवला आणि लाइन थांबली नाही.

हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. त्यानंतर जे घडलं ते महत्त्वाचं. इंटर्नशिप संपली तेव्हा त्यांनी मला वेर्कश्टुडेंट म्हणून ठेवलं, म्हणजे शिकता शिकता आठवड्याला 20 तासांपर्यंत काम. मग थिसिस त्याच कंपनीत केला, एकाच भागातल्या सप्लायरवर अवलंबून राहण्याची जोखीम हाच विषय घेतला. मार्च 2020 ला सगळं बंद पडलं, माझ्याबरोबरच्या किती जणांच्या ऑफर गेल्या, कंपन्यांनी नवीन भरतीच थांबवली, पण मी तोपर्यंत आतली झाले होते आणि माझे सप्लायर लॉकडाउनमध्ये अडकलेले, त्यांच्याशी बोलायला कुणीतरी हवंच होतं. ऑक्टोबर 2020 ला पर्मनंट झाले. इंटर्नशिप, वेर्कश्टुडेंट, थिसिस, नोकरी, इथे बहुतेकांची गाडी याच रुळावरून जाते. डिग्री हातात घेऊन मग बाहेरून दार वाजवणाऱ्याला फार त्रास होतो.

आता ज्याच्यामुळे हे लिहायला बसले ते. आमच्या गल्लीतला एक मुलगा, नाव लिहीत नाही, दीड वर्षापूर्वी बर्लिनला एका खासगी कॉलेजला इंटरनॅशनल बिझनेसलाच आला. एजंटने सगळं करून दिलं, आयईएल्टीएस या इंग्लिशच्या परीक्षेत मार्क चांगले होते, जर्मन शिकायची गरज नाही असं स्पष्ट सांगितलं. वीस लाखांच्या वर लोन, वडिलांचं रिटायरमेंट अजून चार वर्षांवर. त्याने मला फोन केला तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, तुझ्या कोर्सच्या मोडुलहांडबुखमध्ये इंटर्नशिप कंपल्सरी लिहिलीय का? त्याला मोडुलहांडबुख म्हणजे काय तेच माहिती नव्हतं. ते म्हणजे कोर्सचं पुस्तक असतं, कुठला विषय कुठल्या सेमिस्टरला, किती क्रेडिट, सगळं त्यात असतं आणि युनिव्हर्सिटीच्या साइटवर बहुतेक वेळा फुकट मिळतं. आम्ही दोघांनी फोनवरच ते उघडलं. इंटर्नशिप कुठेच नाही.

यात काय एवढं असं वाटेल, स्वतःहून करावी की. इथेच सगळी मेख आहे. जर्मनीत परदेशी विद्यार्थ्याला वर्षात 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं (माझ्या वेळी 120 आणि 240 होते, मार्च 2024 ला वाढवले). कोर्समध्येच बंधनकारक असलेली इंटर्नशिप या दिवसांत धरत नाहीत. स्वतःच्या मर्जीने केलेली धरतात. त्यात पुन्हा मर्जीची इंटर्नशिप तीन महिन्यांच्या पुढे गेली की कंपनीला किमान वेतन द्यावं लागतं, बंधनकारक असेल तर तो नियम लागत नाही. कंपनीला इंटर्न हवा असतो पाच-सहा महिने, कारण पहिले दोन महिने तर शिकवण्यातच जातात. त्यामुळे कितीतरी जाहिरातींत सरळ लिहिलेलं असतं की इंटर्नशिप कोर्सचा भाग असल्याचं पत्र जोडा. आमच्या पोराकडे ते पत्रच नाही. तो रात्री जेवणाची पार्सलं पोचवतो आणि त्यातच त्याचे ते दिवस खर्च होतायत, भाडं तर भरायलाच पाहिजे. हुशार आहे, आळशी नाही, फक्त ॲडमिशन घेताना कुणी त्याला एक पीडीएफ उघडायला सांगितलं नाही.

पैशाचंही सांगते कारण लेखात जुना आकडा होता. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायच्या खात्यात, माझ्या वेळी वर्षाचे 8,640 युरो ठेवावे लागायचे, सप्टेंबर 2024 पासून 11,904 झालेत, महिन्याला 992. युरो शंभरीच्या पुढे गेलाय म्हणजे तेच बारा लाखांच्या घरात. सरकारी युनिव्हर्सिटीत बऱ्याच राज्यांत ट्यूशन फी नाही, पण मी राहते त्या बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला 1500 युरो लागतात, 2017 पासून, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही आता फी लावलीय. तेव्हा "जर्मनीत शिक्षण फुकट" असं सरसकट छापू नका. नोव्हेंबर 2022 पासून भारतीयांना एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचा दाखला, लागतं, त्याचे 18,000 रुपये आणि वेळ वेगळा.

बी.कॉम., बी.बी.ए. वाल्यांसाठी अजून एक, हे तर कुठेच वाचायला मिळत नाही. आपली तीन वर्षांची डिग्री इथे साधारण 180 क्रेडिटची धरतात आणि हॉखशूलमधले (प्रत्यक्ष कामावर भर देणाऱ्या युनिव्हर्सिटीतले) दीड वर्षाचे बरेच मास्टर्स 210 मागतात. मग एकतर अर्जच बाद किंवा 30 क्रेडिट भरून काढा. दोन वर्षांचे कोर्स 180 वर घेतात आणि त्यांतल्या काहींत इंटर्नशिपचं सेमिस्टर असतं. लोक दीड वर्षात सुटतोय म्हणून छोटा कोर्स शोधतात, मला वाटतं बिझनेसवाल्याने उलट करावं, सहा महिन्यांचा खर्च वाढला तरी चालेल पण कंपनीत बसायला मिळालं पाहिजे. इंजिनिअरचं एक वेळ भाषेवाचून भागतं, आमचं काम म्हणजे दिवसभर बोलणं, भाव ठरवणं, तक्रार ऐकून घेणं, ते कॅन्टीनमध्ये आणि फोनवर जर्मनमध्येच चालतं, मीटिंग इंग्लिशमध्ये असली तरी. बी वन घेऊनच निघा, इथे येऊन शिकू म्हणणाऱ्यांतले निम्मे कधीच शिकत नाहीत कारण कॉलेज आणि पार्टटाइम कामातून वेळ उरत नाही.

इंटर्नशिप संपली की कंपनीकडून त्सोयग्निस मागून घ्यायचं, लेखी प्रशस्तिपत्र. त्याची भाषा ठरलेली असते. "आमच्या समाधानाप्रमाणे काम केलं" असं आलं तर आपल्याला बरं वाटतं, पण इथला एचआर ते वाचून समजतो की काम जेमतेम होतं. "नेहमी, आमच्या पूर्ण समाधानाप्रमाणे" असं आलं तर चांगलं, आणि "पूर्ण" च्या जागी "परिपूर्ण" पडलं की उत्तम. एका शब्दाने माणूस मागे राहतो. माझ्याबरोबरच्या एका मुलीला हे सही झाल्यावर सहा महिन्यांनी कळलं. हातात पडल्या पडल्या कुणा जाणत्याला दाखवा आणि पटलं नाही तर बदलून मागा, तो हक्क आहे.

सगळं गोड आहे असंही नाही. इथे ऑटोचे मोठे सप्लायर गेली दोन वर्षं माणसं कमी करतायत, इंटर्नच्या जागाही कमी झाल्यात. डिग्रीनंतर नोकरी शोधायला 18 महिने मिळतात, ते ऐकायला खूप वाटतात, पण ज्याचा इथल्या कंपनीतला अनुभव शून्य आहे त्याचे कसे संपतात हे मी बघितलंय. भारतीय विद्यार्थी आता इथे परदेशी विद्यार्थ्यांत सगळ्यात जास्त आहेत, 2023-24 ला 49 हजारांच्या वर होते, त्यामुळे "भारतातून आलाय" एवढ्यावर आता कुणी थांबून बघत नाही. थांबतात ते कामाच्या अनुभवावर. आणि तो अनुभव आपल्याकडे घराशेजारी असतो हो. कोल्हापूरच्या फाउंड्रीचं कास्टिंग इथे येतं, इचलकरंजीचं कापड, नाशिकची द्राक्षं, भोसरी-चाकणचे पार्ट जगभर जातात. बी.कॉम. च्या सुट्टीत तीन महिने एखाद्या एक्सपोर्ट डिपार्टमेंटला फुकट बसलं तरी एफओबी आणि सीआयएफ या मालाच्या सौद्यातल्या दोन अटींमधला फरक पुस्तकातून नाही तर भांडणातून कळतो, की जहाजाचं भाडं आणि विमा विकणाऱ्याने भरायचा की घेणाऱ्याने. शिवाजी विद्यापीठाने आणि एमआयडीसीतल्या कारखानदारांनी मिळून असं सेमिस्टर का सुरू करू नये, मनापासून विचारतेय.

तुम्हाला एक विनंती, पुढच्या पुरवणीत कोर्सची यादी छापाल तेव्हा रँकिंगच्या शेजारी एक रकाना वाढवा, इंटर्नशिप कंपल्सरी आहे की नाही आणि किती महिन्यांची. हो किंवा नाही, एवढंच लिहायचं. एजंटकडे गेलेल्या बापाला तो एक रकाना दाखवून प्रश्न विचारता येईल.

आमच्या गल्लीतल्या पोराने बी वन चा क्लास लावलाय, शनिवारी-रविवारी सकाळी. त्याच्या सीव्हीत मामाच्या ट्रान्सपोर्टमध्ये दोन वर्षं हिशोब बघितल्याचं लिहिलेलंच नव्हतं, ते आम्ही वर आणलं. ब्रेमेनच्या एका फ्रेट कंपनीने तीन महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी गुरुवारी इंटरव्ह्यूला बोलावलंय. वर्षातले त्याचे दिवस मोजून बघितले, बसतायत, पण त्यासाठी पार्सलचं काम त्याला या आठवड्यापासून बंद करावं लागणार आहे, आणि त्या तीन महिन्यांच्या भाड्याचं काय करायचं यावर रोज रात्री त्याच्या घरी फोन चालू आहे.

त्याच्या घरच्यांना कुणी ओळखू नये म्हणून माझं नाव छापू नका ही विनंती.

कळावे,
आपली एक वाचक
(मूळची कोल्हापूर, सध्या मुक्काम जर्मनी)