मृत्युपत्र साक्षीदाराच्या तोंडून शाबीत होतं

सातारा

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि आत्यांनी तुझ्या नावे केलेल्या मृत्युपत्राविरुद्ध त्यांच्या सासरच्या पुतण्यांनी लावलेल्या दाव्याच्या झेरॉक्स मिळाल्या. आत्यांचं दुखणं तू कसं काढलंस हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे ‘म्हातारीला फसवून अंगठा घेतला’ हे वाचून माझंही डोकं फिरलं. पण तुझ्या पत्रातल्या एका वाक्याची मला त्याहून जास्त काळजी वाटली. तू लिहितोस, ‘मृत्युपत्र रजिस्टर आहे, मग भीती कशाची?’

दत्ता, मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी झाली म्हणून ते आपोआप शाबीतही होत नाही. शिक्क्याचा आधार जरूर मिळतो, पण कायदा साक्षीदार मागतो. भारतीय उत्तराधिकार अधिनियमाचं कलम 63 सांगतं की करणाऱ्याची सही किंवा अंगठा हवा आणि किमान दोन साक्षीदार हवेत. प्रत्येक साक्षीदाराने ती सही होताना पाहिलेली असावी, किंवा ‘ही माझी सही’ असं करणाऱ्याने स्वतः त्याला सांगितलेलं असावं. आणि साक्षीदाराने आपली सही करणाऱ्याच्या देखत केलेली असावी. दोघे एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असं नाही. त्यांतला निदान एक तरी कोर्टात येऊन बोलला पाहिजे. हे जुन्या पुरावा कायद्यात कलम 68 होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमात 67 आहे.

गंमत म्हणून नव्हे, पोटतिडकीने सांगतो: ‘देखत’ या एका शब्दावर खरी मृत्युपत्रं पडलेली आहेत. जानकी भोईर विरुद्ध नारायण कदम हा 2003 च्या रिपोर्टांत छापलेला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तुझ्या वकिलांना काढायला सांग. तिथे एक साक्षीदार तपासला, पण दुसऱ्याने सही केल्याचं त्याला सांगता आलं नाही. दुसरा हयात असूनही त्याला बोलावलं नाही. मृत्युपत्र लिहिणाऱ्या लेखनिकाची साक्ष होती, ती पुरली नाही. मृत्युपत्र शाबीत झालं नाही.

आमच्याकडच्या एका प्रकरणात मी समोर बसून ऐकलेलं सांगतो. साक्षीदार सरळ माणूस. प्रतिज्ञापत्रात ठरीव वाक्य टाइप केलेलं, ‘बाईंनी माझ्या समक्ष सही केली’. उलटतपासात विचारलं, ‘तुम्ही पोचलात तेव्हा कागदावर सही होती की नव्हती?’ तो म्हणाला, ‘होती. बाईंनी बोट ठेवून दाखवली, ही माझीच म्हणाल्या. मग मी केली.’ कायद्याला एवढं पुरतं. पण प्रतिज्ञापत्रात उलट लिहिल्यामुळे तो खोटा ठरतोय की काय अशी वेळ आली, आणि त्याचा चेहरा उतरला. तेव्हा आत्यांच्या मृत्युपत्राचे साक्षीदार असलेल्या गुरुजींचं प्रतिज्ञापत्र त्यांच्याच आठवणीतून होऊ दे. कोण कुठे बसलं होतं, वाचून कोणी दाखवलं, अंगठा कधी झाला, हे त्यांना सांगू दे. आपण पढवायचं नाही.

गुरुजींचं वय पाहता थांबू नकोस. त्यांची साक्ष लवकर घ्यावी म्हणून अर्ज करता येतो, आणि कोर्टापर्यंत येववत नसेल तर कमिशन नेमून घरी साक्ष नोंदवता येते. पुण्याला गेलेल्या दुसऱ्या साक्षीदारालाही आजच फोन कर. एक साक्ष कायद्याला पुरते, तरी मी दोन्ही घेईन.

आता संशयाचं. 1958 साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी वेंकटाचल अय्यंगार प्रकरणात जे लिहिलं, तेच अजून चालतं: मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल तर ती दूर करायची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्याची. दावा पुतण्यांनी लावलाय म्हणून सगळं त्यांनीच शाबीत करावं असं धरून चालू नकोस. दबाव किंवा फसवणूक त्यांनी दाखवायची. मृत्युपत्र रीतसर झालं हे दाखवणं आणि शंकानिरसन तुझ्याकडे.

तुझ्या बाबतीत तीन गोष्टी टोचतील. आत्या सही करायच्या, मग अंगठा का? निबंधक कार्यालयात त्यांना तूच गाडीतून नेलंस. आणि घर तुलाच मिळालंय. यातलं काहीही लपवू नकोस. कैफियतीतच, म्हणजे दाव्याच्या लेखी उत्तरातच, स्वतःहून लिही. उजवा हात लुळा पडल्याचे दवाखान्याचे कागद काढ, आणि त्या काळात पोस्टातल्या पैसे काढायच्या फॉर्मवर त्यांचा अंगठा असेल तर ते फॉर्म कोर्टामार्फत मागव. एका अंगठ्याचा खुलासा दुसरा अंगठा करतो. नेण्याबद्दल म्हणशील तर, त्यांना दुसरं कोण नेणार होतं? तेच सांग, पण मजकूर सांगताना तू आत होतास की बाहेर, हे अगदी खरं सांग.

पुतणे म्हणतात, ‘आमच्या काकांचं घर माहेरच्या पोराला कसं?’ मृत्युपत्र नसतं तर ते बरोबर होते; मूलबाळ नसलेल्या विधवेला नवऱ्याकडून आलेली मिळकत नवऱ्याच्या वारसांकडे जाते. पण 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 14 ने आत्या त्या घराच्या पूर्ण मालक होत्या, आणि मालकाला मृत्युपत्र करता येतं. वारस डावलले एवढ्यानेच संशय धरत नाहीत. वारसाहक्काचा क्रम बदलायलाच तर माणूस मृत्युपत्र करतो.

फेरफार नोंद तुझ्या नावे झाली म्हणून निर्धास्त राहू नकोस. ती महसुलाची नोंद आहे, मालकी दिवाणी कोर्टच ठरवेल. पुतण्यांशी बोलणं मात्र तोडू नकोस. आत्यांच्या तेराव्याला तेही रडले होते, मी पाहिलंय.

रविवारी ये, सगळे कागद घेऊन ये. मूळ मृत्युपत्र प्लास्टिकच्या पिशवीत ठेव, लॅमिनेट करू नकोस. उद्या अंगठ्याची तज्ज्ञाकडून तपासणी करायची वेळ आली तर तो कागद उघडा लागेल. आणि गुरुजींना कुठला दिवस सोयीचा, ते येतानाच विचारून ये.

तुझा,
अनंत