मरणावर सगळे बोलतात, पेशंटला कोण विचारतं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

इच्छामरणावर तुमच्या पेपरात सध्या जी पत्रं येतायत ती सगळी वाचली. कोणी म्हणतं जीव देवाने दिला तो त्यानेच न्यावा, कोणी म्हणतं एवढे हाल करून जगवण्यात काय अर्थ आहे, सोडवा एकदाचं. दोन्हीकडची तळमळ खरी आहे. पण एक गोष्ट खटकली म्हणून लिहायला बसले. या सगळ्या पत्रांत कोर्ट आहे, धर्म आहे, डॉक्टर आहेत, नातेवाईकांची ओढाताण आहे, पण जो माणूस मरतोय त्याला तुला काय हवंय असं कोणी विचारलं का, हे एकाही पत्रात नाही. मी बरीच वर्षं आयसीयूत आणि नंतर कॅन्सर वॉर्डात सिस्टर होते, आता रिटायर झालेय, आणि खरं सांगायचं तर बहुतेक पेशंटना ते कोणी विचारतच नाही.

विचारणार कसं, त्यांना आधी सांगितलेलंच नसतं. वॉर्डाच्या दाराशी नातेवाईक गाठतात आणि पहिलं वाक्य हेच, सिस्टर, त्यांना काही बोलू नका हं, खचतील. प्रेमापोटीच बोलतात, मला त्यांचा राग कधीच आला नाही. पण मग त्या माणसाचं काय होतं ते बघा. त्याला कळत असतं की आपण बरे होत नाही आहोत, वजन उतरतंय, आवाज बसलाय, येणारा प्रत्येक जण खोटं हसतोय, आणि तोही मग घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून काही विचारत नाही. दोन्हीकडून नाटक चालू राहतं आणि एक दिवस श्वास अडकला की धावपळ, नळी, व्हेंटिलेटर, आणि नळी ओढून काढू नये म्हणून दोन्ही हात बँडेजने पलंगाच्या कठड्याला बांधलेले. त्यानंतर त्याची इच्छा कोणाला विचारणार? बायकोला, मुलाला, कधी कधी तर लांबून आलेल्या एखाद्या भावाला, ज्याने त्याला कित्येक महिन्यांत बघितलेलंही नसतं.

एक काका अजून आठवतात. फुप्फुसाचा कॅन्सर, हाडांत गेलेला, असेच नळीवर, हात बांधलेले. रात्री स्पंजिंग करताना मी एक हात सोडायचे. एकदा त्यांनी माझा तळवा ओढून त्यावर बोटाने काहीतरी गिरवायला सुरुवात केली, मी पॅड आणि पेन दिलं तर लिहिलं, किती दिवस? अक्षर वाकडंतिकडं पण प्रश्नचिन्ह अगदी नीट काढलेलं. मी ड्युटीवरच्या डॉक्टरांना बोलावलं, सकाळी मोठ्या डॉक्टरांनी आधी घरच्यांना समजावलं आणि मग खुर्ची ओढून काकांच्या शेजारी बसून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. घरच्यांना वाटलं होतं ते कोसळतील. त्यांनी पॅड मागितलं आणि लिहिलं, मुलगी येईपर्यंत ठेवा, मग काढा, दुखू देऊ नका. मुलगी परदेशातून आली, बापलेक अख्खी दुपार एकमेकांचा हात धरून होते, त्यानंतर डॉक्टरांनी आणि घरच्यांनी मिळून ठरवून नळी काढली, वेदना थांबवणारं मॉर्फिन चालू ठेवलं आणि ते शांतपणे गेले. आता सांगा, हे जगवा वाल्यांच्या बाजूचं झालं की सोडवा वाल्यांच्या? त्या माणसाला दोन्ही हवं होतं, थोडं जगायचं होतं आणि मग थांबायचं होतं, आणि ते त्याच्याशिवाय दुसरं कोणीही ओळखू शकलं नसतं.

दुसरी गोष्ट दुखण्याची. पुष्कळ पत्रांत वेदनांचं वर्णन करून म्हणून इच्छामरण द्या असं लिहिलंय. कॅन्सरच्या वेदना काय असतात ते मी जवळून बघितलंय, कुशीवर वळवताना माणूस किंचाळतो. पण त्यातल्या बऱ्याच वेदना आटोक्यात येऊ शकतात हेही बघितलंय. लंडनच्या सिसिली साँडर्स या आधी नर्स होत्या, मग सोशल वर्कर झाल्या, मग शिकून डॉक्टर झाल्या आणि 1967 मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणाच्या वाटेवरच्या पेशंटची काळजी घेणारं हॉस्पिटल, सुरू केलं. त्यांचं म्हणणं साधं होतं, पेशंट कळवळेपर्यंत थांबू नका, दुखणं परत डोकं वर काढायच्या आत घड्याळ लावून पुढचा डोस द्या. शिवाय दुखणं नुसतं शरीराचं नसतं, मनाचं, घरच्या काळजीचं, एकटेपणाचं सगळं मिळून ते एक होतं हेही त्यांनीच मांडलं. आजही कितीतरी ठिकाणी मॉर्फिन म्हटलं की नातेवाईक घाबरतात, व्यसन लागेल म्हणतात, यानेच मरतील म्हणतात. नीट मोजून, हळूहळू वाढवत नेलेला डोस माणसाला मारत नाही. आणि दुखणं कमी करताना आयुष्य थोडं कमी झालं तरी हेतू मारण्याचा नसेल तर ते चालतं, हे 1957 मध्ये पोप पायस बारावे यांनीसुद्धा डॉक्टरांपुढे बोलताना मान्य केलं होतं, म्हणजे इच्छामरणाच्या सगळ्यात कडक विरोधकांनीही. त्यामुळे ज्याला वेदनेचं औषधच नीट मिळालेलं नाही तो मला मारा म्हणतो तेव्हा ती त्याची मोकळेपणाने केलेली निवड आहे असं मी मानत नाही. त्याला आधी औषध द्या, दोन रात्री झोपू द्या, मग विचारा. बरेच जण मग वेगळं बोलतात.

सगळे नाही. काही थोडे असे असतात की सगळं करून झाल्यावरही, पूर्ण शुद्धीत, पुन्हा पुन्हा तेच मागतात. त्यांच्यासाठी दार कायमचं बंद ठेवावं असं मला वाटत नाही, हे स्पष्टच लिहिते, माझ्या काही मैत्रिणींना आवडणार नाही. अमेरिकेत ओरेगन राज्यात 1997 पासून कायदा आहे, सहा महिन्यांच्या आत मरण येणार असं दोन डॉक्टरांनी सांगितलं असेल तर मरण आणणारं औषध लिहून मिळतं आणि ते पेशंटने स्वतःच घ्यायचं असतं. तिथले रिपोर्ट वाचण्यासारखे आहेत. औषध मागणाऱ्यांच्या कारणांत वेदना खूप खाली येते, वर असतं ते स्वतःचं स्वतः काही ठरवता न येणं, परावलंबी होणं. आणि औषध लिहून घेणाऱ्यांतले साधारण एक तृतीयांश लोक ते शेवटपर्यंत घेतच नाहीत. मला यात फार काही दिसतं, माणसाला कित्येकदा मरण नको असतं, माझ्या हातात काहीतरी आहे एवढंच हवं असतं.

पण म्हणूनच भीतीही वाटते. परावलंबी झालो म्हणजे ओझं झालो असं एकदा मनाने घेतलं की हक्क कधी कर्तव्य होऊन बसेल सांगता येत नाही. मी वॉर्डात आज्यांना बोलताना ऐकलंय, पोराची नोकरी जाईल माझ्यापायी, मला लवकर न्या. ही मरायची इच्छा नाही, हा संकोच आहे, आणि फॉर्मवर सही घेताना दोन्ही अगदी सारखंच दिसतं. कॅनडात 2016 मध्ये कायदा आला तेव्हा मरण जवळ असणं ही अट होती, 2021 मध्ये ती अट काढून टाकली. ज्यांना एकदा दार उघडलं की सूट वाढतच जाईल या घसरणीची भीती वाटते त्यांना वेड्यात काढू नका एवढंच म्हणते.

मशीन बंद केलं म्हणजे मारलं, हाही गैरसमज पत्रांत बराच दिसला. अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या कॅरन अ‍ॅन क्विनलान या कायमच्या बेशुद्धीत गेलेल्या तरुणीचं व्हेंटिलेटर काढायला 1976 मध्ये कोर्टाने परवानगी दिली, सगळ्यांना वाटलं लगेच जाईल, ती स्वतःच्या श्वासावर 1985 पर्यंत होती. मशीन काढतो तेव्हा आपण आजाराला त्याच्या वाटेने जाऊ देतो, इंजेक्शन देऊन मारणं वेगळं. काही तत्त्वज्ञ यात फरक नाही म्हणतात. पलंगाशी उभं राहून दोन्ही सारखं वाटत नाही, निदान मला तरी.

आणि अरुणा शानबाग, मुंबईच्या केईएम हॉस्पिटलातली सिस्टर, तिथेच झालेल्या हल्ल्यानंतर कायमची अंथरुणाला खिळलेली, भान हरपलेली. ती शेवटच्या टप्प्यातली पेशंट नव्हती हे मान्य, पण आम्हा सिस्टर लोकांना ते नाव वगळून या विषयावर लिहिता येत नाही. 1973 ते 2015, बेचाळीस वर्षं केईएमच्या सिस्टरनी तिला सांभाळलं, आणि तिला जाऊ द्यावं का हा प्रश्न सुप्रीम कोर्टात गेला, ज्याचा निकाल 2011 मध्ये लागला, तेव्हा त्यांनीच तिच्या मरणाला विरोध केला. त्या सेवेपुढे मी हात जोडते. तरी मनात राहतंच की तिच्या वतीने बोलणारे सगळे दुसरेच होते, दया दाखवणारेही आणि जपणारेही, कारण तिला बोलताच येत नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं, बोलता येतंय तोवर बोला आणि लिहून ठेवा. 9 मार्च 2018 ला सुप्रीम कोर्टाने अशा आधी लिहून ठेवलेल्या कागदाला, म्हणजे लिव्हिंग विलला, मान्यता दिली, आधी मॅजिस्ट्रेटपर्यंत जावं लागायचं म्हणून कोणी करत नव्हतं, 2023 मध्ये ते सोपं केलं, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर पुरे. त्यात इंजेक्शन मागता येत नाही, तो आपल्याकडे गुन्हाच आहे, पण कुठले उपचार नकोत ते सांगता येतं आणि आपल्या वतीने कोण बोलणार त्याचं नावही देता येतं. हे वाचणाऱ्या डॉक्टरांना विनंती, पेशंटला सांगायचं काम नातेवाईकांच्या परवानगीवर सोडू नका, खुर्ची ओढून बसा, त्याला किती ऐकायचंय ते आधी त्यालाच विचारा, नको म्हणाला तर तोही त्याचा हक्क.

मी माझं लिहिलंय. बरं व्हायची आशा नसेल तर नळी नको, छाती दाबणं नको, मॉर्फिन हवं तेवढं द्या, आणि शुद्ध असेपर्यंत मला सगळं खरं सांगा. मुलाला नळीचा मुद्दा पटलेला नाही, तो अजून वाद घालतो, आणि मी त्याला दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगते.

आपली,
एक निवृत्त परिचारिका