‘ओशिन’ पाहणाऱ्या मित्रास

प्रिय माधव,
सप्रेम नमस्कार.

‘ओशिन’ या जपानी मालिकेचे सुरुवातीचे भाग पाहून घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांना धार लागली आणि आता पुढे पाहण्याचे धैर्य होत नाही, असे तू लिहिले आहेस. माझी कळकळीची विनंती आहे की तू इथे थांबू नकोस, कारण या मालिकेचे खरे म्हणणे अजून तुझ्यापर्यंत पोहोचलेलेच नाही.

बालपणाचे ते भाग विलक्षण आहेत, याविषयी दुमत नाही. १९०७ सालचा, उत्तर जपानमधल्या यामागाताचा डोंगराळ मुलूख, कुळाचे घर आणि जेवणात भात कमी, मुळाच जास्त. पोटातला जीव पडावा म्हणून आई बर्फासारख्या पाण्यात जाऊन उभी राहते, आणि ते दृश्य डोळ्यांनी पाहिल्यावरच, तोवर कामाला जाण्यास ठाम नकार देणारी चिमुरडी ओशिन आपणहून तयार होते. वर्षभर राबण्याचा मोबदला तांदळाचे एक पोते. मोगामी नदीतून तराफा निघतो तेव्हा तिला धाडणारा बापच काठाने धावत सुटतो, आणि त्या माणसाचा राग करावा की कीव, हे मला आजही ठरवता आलेले नाही.

परंतु एकूण २९७ भागांपैकी बालपण पहिल्या ३६ भागांतच संपते. लेखिका सुगाको हाशिदा यांनी कथेची सुरुवात कुठून केली आहे, ते आठव. १९८३ साली, कुटुंबाच्या सतराव्या सुपरमार्केटच्या उद्घाटनाच्या दिवशी, ऐंशी उलटलेली ओशिन कोणालाही न सांगता घर सोडते, कारण एवढी भरभराट होऊनही आपले कुठे चुकले, हे तिला शोधायचे असते. दुःख सोसून वर आलेल्या बाईचा गौरव करणाऱ्या मालिका पुष्कळ आहेत. इथे मात्र ती बाई स्वतःलाच जाब विचारते, आणि म्हणूनच मला ही मालिका इतकी मोलाची वाटते.

लहानपणी कामाच्या घरी चोरीचा खोटा आळ आल्यावर ओशिन बर्फात पळून जाते, तेव्हा तिला वाचवणारा शुनसाकू हा रशियाविरुद्धच्या युद्धातून पळालेला सैनिक असतो. तो तिला अक्षरे शिकवतो, हार्मोनिका देतो, युद्ध म्हणजे काय ते सांगतो आणि तिच्या डोळ्यांदेखत मारला जातो. (लग्नानंतर सागा या नवऱ्याच्या मुलखातल्या सासुरवासाचे भाग मला फार ताणलेले वाटले; ते भरभर पाहिलेस तरी चालेल.) पुढे इसे या ठिकाणी मासळीच्या दुकानावर संसार उभा राहतो, नवरा र्‍युझो लष्कराला माल पुरवू लागतो आणि घरात सुबत्ता येते. शुनसाकूचे शब्द ऐकलेली ओशिन मनातून अस्वस्थ असते, पण संसार सांभाळायचा म्हणून गप्प राहते. थोरला मुलगा यू युद्धात जातो तो परत येत नाही. १९४५ च्या पराभवानंतर, आपणच इतरांच्या मुलांना रणांगणावर जाण्यास उद्युक्त केले, या जाणिवेने र्‍युझो आत्महत्या करतो. त्या वेळी मोठ्या ओशिनची भूमिका करणाऱ्या युको तानाका यांच्या चेहऱ्यावर शोकाबरोबर जी अपराधाची जाणीव दिसते, ती नीट पाहा.

ओशिनचे जन्मसाल १९०१ आहे, आणि जपानचे सम्राट हिरोहितो यांचेही तेच. हा योगायोग नाही, हे ध्यानात घेतलेस की एका बाईच्या आयुष्यात सबंध पिढीचा हिशेब कसा मांडला आहे, ते दिसू लागते. जपानमध्ये रोज सकाळी पंधरा मिनिटे दाखवल्या जाणाऱ्या या मालिकेची सरासरी प्रेक्षकसंख्या ५२.६ टक्के होती, म्हणजे हा हिशेब निम्म्याहून अधिक घरांनी ऐकला.

पुढचे भाग वहिनींबरोबर अवश्य पाहा. युद्धकाळापर्यंत पोहोचलास की सविस्तर पत्र लिही; र्‍युझोविषयी तुझे मत मला मुद्दाम हवे आहे, कारण माझ्या घरी त्यावरून अजून वाद चालू आहे.

तुझा,
श्रीधर