निसर्गप्रेमी नव्हे, नॅचरिस्ट: फिनलंड सहलीबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, परदेश सहल विभाग,
पुणे

दिनांक: 7 जुलै 2025
विषय: फिनलंड सहल (16 ते 24 जून 2025), ठरलेली राहण्याची सोय न मिळाल्याबद्दल आणि पैसे परत मिळण्याबद्दल

महोदय,

एप्रिलमध्ये मी आणि माझे यजमान तुमच्या ऑफिसात आलो होतो. काय हवंय ते मी पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं: जिथे कपडे न घालता पोहायची आणि उन्हात पडायची अधिकृत परवानगी आहे, असे नॅचरिस्ट किनारे आणि त्यांच्या जवळ, हे चालणारी राहायची जागा. समोरच्या मुलाने उठून केबिनचं दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "म्हणजे मॅडम, तसलं?" मी म्हटलं, हो, तसलंच. आम्ही नऊ वर्षं हॅम्बुर्गला होतो. बाल्टिकच्या किनाऱ्यावर 'एफकेके'ची, म्हणजे इथे विवस्त्र चालतं अशी जर्मन पाटी दिसली की पिशवी ठेवायची आणि कपडे काढायचे, यात आम्हाला काही विशेष वाटत नाही. गोव्यात हे कायद्यात बसत नाही, म्हणून तर तुमच्याकडे आलो.

त्या मुलाने सगळं लिहून घेतलं. निदान मला तसं वाटलं. तुमच्या बिलात 'विशेष व्यवस्था' या नावाखाली 18,000 रुपये वेगळे लावलेले आहेत. व्हाउचरवर 'स्पेशल बीच' असं छापलंय. 'नॅचरिस्ट' हा शब्द तुमच्या एकाही कागदावर नाही, हे घरी परतल्यावर सगळे कागद पसरून बसले तेव्हा लक्षात आलं.

हेलसिंकीतला तुमचा स्पेशल बीच म्हणजे सेउरासारी. बेट छान आहे, पांढऱ्या लाकडी पुलावरून चालत जायचं, आत जुनी लाकडी घरं जपून ठेवलेली आहेत. विवस्त्र स्नानाचा किनाराही आहे, अगदी अधिकृत. फक्त तिथे बायकांचा भाग वेगळा आणि पुरुषांचा वेगळा. आम्ही दोघं कुंपणाच्या दोन बाजूंना! जर्मनीची सवय असल्याने मीही गृहीत धरून चालले होते, ती माझी चूक मी मान्य करते. पण मी ग्राहक आहे, चौकशी करायचे पैसे तुम्ही घेतलेत. यादीत पुढे यर्योनकातूच्या तरणतलावावर 'दोघांसाठी एक सकाळ' लिहिली होती. 1928 साली उघडलेल्या या तलावावर विवस्त्र पोहता येतं, पण बायकांचे आणि पुरुषांचे दिवस वेगळे असतात. म्हणजे ती सकाळ कुठल्याच दिवशी जमणारी नव्हती.

थंडीबद्दल माझी तक्रार नाही. पाण्यात उतरायच्या शिडीला थर्मामीटर बांधलेला होता, त्यावर 14 दिसत होते. शेजारच्या सत्तरीच्या बाई अंगावर एक धागा नसताना शिडी उतरल्या, पाच मिनिटं पोहल्या, वर आल्या, छोट्या टॉवेलवर बसल्या आणि थर्मासमधली कॉफी ओतून मलाही दिली. माझा नवरा कुठे आहे असं त्यांनी विचारलं. मी कुंपणाकडे बोट केल्यावर त्या खूप हसल्या आणि म्हणाल्या, मग तुम्ही पिहलायासारीला का नाही गेलात? ते बेट समुद्रातच आहे, कैवोपुइस्तो बागेजवळून उन्हाळ्यात बोट जाते आणि तिथल्या विवस्त्र किनाऱ्यावर स्त्री-पुरुष एकत्र असतात. कॉफीच्या एका कपात मला जे कळलं, ते तुम्हाला 18,000 रुपयांत कळलं नाही. शेवटच्या दिवशी आम्ही स्वतः तिकीट काढून तिथे गेलो. त्या एका दुपारीपुरतं आम्हाला जे हवं होतं ते मिळालं.

आता मुख्य तक्रार. 19 ते 22 जून आम्हाला तुम्ही पोरी नावाच्या शहराजवळ, युतेरीच्या किनाऱ्यावर पाठवलंत. जागा निवडली चांगली. लांबच लांब वाळू, मागे टेकड्या, आणि किनाऱ्याचा एक भाग नॅचरिस्ट म्हणून राखलेला. पण राहायला दिलंत कौटुंबिक कॅम्पिंगच्या लाकडी केबिनमध्ये, तेही युहान्नुसच्या, म्हणजे त्यांच्या मध्य-उन्हाळ्याच्या सणाच्या सुट्टीत! त्या दिवसांत निम्मं शहर गावाबाहेर येतं, बसगाड्या रोडावतात. आमच्या पायरीसमोर आजी-आजोबा, नातवंडं, सायकली आणि सॉसेज भाजायच्या शेगड्या. कबूल केलेला 'खासगी सॉना' सामाईक निघाला, बायकांची पाळी संध्याकाळी पाच ते सात.

कॅम्पच्या मालकीणबाईंनी किल्लीसोबत आमच्या हातात एक दुर्बीण ठेवली. मला काही कळेना. त्या उत्साहाने सांगायला लागल्या की जवळच्या प्रेइव्हीकी उपसागरावर पक्षी बघायला मनोरे आहेत, पहाटे गेलात तर उत्तम. शेवटी मी विचारलं, हे आम्हाला का? त्यांनी फोनवर तुमची मेल उघडून दाखवली. तुमच्या माणसाने लिहिलं होतं की पाहुणे ज्येष्ठ निसर्गप्रेमी जोडपं आहे, त्यांना शांतता आवडते. बस, एवढंच.

मी त्यांना खरं काय ते सरळ सांगितलं. त्या लाजल्या नाहीत की दचकल्या नाहीत. म्हणाल्या, आधी कळवलं असतं तर मी तुम्हाला सांगितलं असतं की इथे आवारात कपडे लागतात, तुमच्यासाठी स्वतःचा सॉना असलेलं एकटं कॉटेज बघा. मग नकाशावर पेनने खूण करून नॅचरिस्ट भागाची वाट दाखवली. एकवीस तारखेला आम्ही वाऱ्यातून चालत तिथे पोहोचलो. आमच्याखेरीज तीन माणसं. वाळूच्या टेकडीआड वारा थांबतो, पण वारा थांबला की डास येतात, आणि कपडे नसताना ते कुठे कुठे चावतात हे मी पत्रात लिहीत नाही. तरी दुर्बीण आम्ही वापरली. पक्षी बरेच दिसले. पण आम्ही त्यासाठी गेलो नव्हतो.

फोनवर तुमच्या विभागप्रमुखांनी मला समजावलं की "फिनलंडमध्ये सगळे सॉनात तसेच बसतात, त्यामुळे वेगळं सांगायची गरज वाटली नाही." सॉनात बसतात हे खरं. पंचावन्न-छप्पन्न लाख लोकवस्तीच्या त्या देशात तीस लाखांच्या आसपास सॉना आहेत आणि 2020 साली युनेस्कोनेही त्या परंपरेची नोंद घेतली. पण सॉनात नागडं बसणारा फिनिश माणूस नेहमीच्या सार्वजनिक किनाऱ्यावर पोहायचे कपडे घालूनच येतो, आणि परक्या बायका-पुरुषांच्या सॉनाच्या पाळ्या बहुधा वेगळ्याच असतात. सगळीकडे चालतं असं समजून आम्ही त्या कॅम्पात केबिनबाहेर पडलो असतो तर नातवंडांसमोर काय शोभा झाली असती?

तुमच्या माणसाला माहिती नव्हती असं मी म्हणत नाही. त्याला शब्द लिहायचा संकोच वाटला, आणि त्याच्या संकोचाचं बिल आम्ही भरलं. र. धों. कर्वे 1930च्या दशकात मराठीत नग्नतेबद्दल उघडपणे लिहीत होते. तुमच्याने 2025 साली एक बुकिंगची मेल लिहवली नाही.

माझी मागणी अशी: 'विशेष व्यवस्था' शुल्काचे 18,000 रुपये पूर्ण परत करा. युतेरीच्या तीन रात्रींचे, खासगी सॉनासह म्हणून घेतलेले 41,500 रुपये आहेत, त्यातून सामाईक सॉनाच्या साध्या केबिनचं भाडं वजा करून फरक द्या, आणि कॅम्पची मूळ पावती दाखवा. त्या मेलची प्रतही मला पाठवा. पंधरा दिवसांत हे झालं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करीन. ती आता घरबसल्या ऑनलाइन करता येते.

उत्तर लेखीच हवं, फोन नको. मागच्या फोनवर तुमचे साहेब वीस मिनिटं 'तो विषय', 'तो विषय' म्हणत होते. कागदावर निदान विषयाच्या ओळीत तरी तो शब्द लिहावा लागेल.

आपली,
बुकिंग अर्जावरची पहिली प्रवासी

सोबत: बिल, व्हाउचर आणि सहलीच्या यादीच्या प्रती